अष्टमीचा बाण

एकदा एका अमावास्येच्या सकाळी समुद्रकाठच्या एका गावावर कोरडी, स्वच्छ थंडी उतरली होती. वारा नव्हता. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, आणि समुद्र घंगाळात काढून ठेवलेल्या पाण्यासारखा निश्चल होता. अशा दिवशी माणसाला वाटते, आज काही चुकायचे नाही. समुद्राजवळची जुनी माणसे मात्र अशाच दिवशी दोनदा विचार करतात.

त्या गावात एक वृद्ध वाटाड्या राहत असे. देवळापासून निघायचे, वाळूच्या लांब पुळणीवरून चालायचे, समुद्रात शिरलेले डोंगराचे एक नाक चढून पलीकडच्या लहान पुळणीवर उतरायचे, मग दुसरे नाक ओलांडून काजूच्या बागांतून पुन्हा देवळापाशी यायचे, असा तो तीन तासांचा फेरा. फार अवघड नाही, अगदी सोपाही नाही. वृद्धाने चाळीस वर्षे माणसांना या फेऱ्याने नेले आणि परत आणले. आता गुडघे बोलू लागले, म्हणून त्याने एक शिष्य हाताशी घेतला होता.

शिष्य तिशीचा. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यातली नोकरी सोडून आलेला. घरी बायको रोज एकच प्रश्न विचारी, "त्या डोंगराने किती दिवस पोट भरणार?" शिष्याने उत्तर शोधले होते. घाटावरचा एक कापडाचा व्यापारी त्या दिवशी सपत्नीक फेरा पाहायला येणार होता. त्याच्या गावात सकाळी फिरणाऱ्यांचे मोठे मंडळ होते. व्यापाऱ्याला फेरा आवडला, तर हिवाळाभर दर रविवारी माणसे येणार. नाही आवडला, तर पुन्हा बर्फाचा कारखाना.

म्हणून शिष्याने आठवडाभर आधी, अष्टमीला, चुन्याचे डबडे आणि काथ्याचा कुंचला घेऊन साऱ्या फेऱ्यावर बाण काढले होते. बासष्ट बाण. व्यापाऱ्याला त्याने कळवले होते, "बाणांच्या मागे चला, कोणाला विचारायची गरज नाही." शिष्याच्या शेजारी धाकू भाटकर म्हणून एक म्हातारे मच्छीमार राहत. ते येता-जाता त्याला टोमणा मारीत, "काय रे, दगड रंगवून झाले का? आता आम्हा माणसांना रंग लाव!" शिष्य हसून पुढे जाई.

तर त्या सकाळी गुरू आणि शिष्य दोघे बाण तपासायला निघाले. आठच्या सुमाराला लहान पुळणीच्या शेवटी पोचले. तिथे वाट फुटते. एक वाट वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, चढते आणि उन्हातून तासाभराने पलीकडे उतरते. दुसरी डोंगराच्या पायथ्याशी, खडकांवरून, वीस मिनिटांत नाकाला वळसा घालते. शिष्याचा बाण खालच्या वाटेकडे होता.

वृद्धाने बाण पाहिला. वाळूत पडलेले नारळाचे सोडण उचलले, पाण्यात बुडवले, आणि तो बाण खसाखसा घासून पुसून टाकला.

"आबा! हे काय करताय?"

"पुसतोय."

"ते दिसतंय मला! अहो, का पण? तो खडक बघा, कोरडा ठणठणीत आहे. आता गेलो तर पायाचा अंगठा भिजायचा नाही."

"खरं आहे," वृद्ध म्हणाला, आणि सोडण बाजूला ठेवून दगडावर बसला.

"अख्खा दिवस उन्हात घातला मी यात. चुन्याचं डबडं घरी राहिलंय. आता तो माणूस येईल नि इथे उभा राहून मला हसेल."

"हसू दे. बस जरा."

शिष्य बसला नाही. पुळणीवर येरझाऱ्या घालीत राहिला. त्याला वाटले, म्हाताऱ्याला भीती वाटत असावी. बाणांनी वाट दाखवली तर वाटाड्याला कोण विचारणार? असे वाटून त्याला स्वतःचीच थोडी लाजही वाटली, पण विचार काही गेला नाही.

साडेदहाला व्यापारी आणि त्याची बायको आली. व्यापाऱ्याने फाट्यावर उभे राहून इकडे पाहिले, तिकडे पाहिले.

"अहो, इथवर बाणच बाण, आणि नेमका इथे गायब? आमच्या दुकानात संडासाकडे जायलासुद्धा बाण आहे!"

"तो तुम्हीच उलटा लावलाय," बायको म्हणाली. "गिऱ्हाइकं गोदामात जातात."

"तू थांब गं. अहो, एकची गाडी आहे आमची. कुठून जायचं ते सांगा पटकन."

शिष्याने एकदा गुरूकडे पाहिले. गुरू समुद्राकडे पाहत होता. शिष्याने हात लांब करून खालची वाट दाखवली. "इकडून. वीस मिनिटं."

"दाखवलीस ना," वृद्ध शांतपणे म्हणाला, "मग आधी तू एकटा जा. मधल्या घळीपर्यंत. तिथे पोचलास की मागे वळून बघ. एवढंच."

शिष्य तडक निघाला. खडक खरेच कोरडे होते. कडेला पाणी चाटत होते, पण लाट अशी नव्हतीच. घळीपाशी तो पोचला, पुढे पाहिले, पुढचा खडकही कोरडा. आता हाक मारावी म्हणून तो वळला. ज्या दगडांवरून तो आत्ता आला, ते दिसत नव्हते. पाणी पुढून आलेच नव्हते. ते घळीच्या मागल्या अंगाने, आवाज न करता, बाजूच्या चिरीतून भरले होते.

तो कमरेइतक्या पाण्यातून, कातळाला बोटे रुतवीत परत आला. एक चप्पल गेली. गुडघा फुटला. व्यापाऱ्याच्या बायकोने आपली शाल काढून त्याच्या खांद्यावर टाकली आणि नवऱ्याला म्हणाली, "चला. वरून."

"गाडी चुकेल."

"चुकू दे."

शिष्याने त्यांना वरून नेले, ओल्या कपड्यांनी, एका पायात चप्पल घालून. एकची गाडी चुकलीच. चारच्या गाडीत बसताना व्यापारी माणसे पाठवीन असे म्हणाला नाही, पाठवणार नाही असेही म्हणाला नाही.

संध्याकाळी शिष्य गुरूच्या ओटीवर येऊन बसला. म्हणाला, "माझा बाण खोटा होता."

"खोटा नव्हता," वृद्ध म्हणाला. "तू तो अष्टमीला दुपारी काढलास. अष्टमीला दुपारी ओहोटी असते. तेव्हा तो अगदी खरा होता. आज अमावास्या. आज त्याच वेळेला भरती. समुद्र पुढे गेला, चुना अष्टमीलाच वाळून बसला. खूण काढणारा घरी जातो रे, खूण मात्र त्याच दिवशी उभी असते."

"मग सकाळीच का नाही सांगितलंत?"

"सकाळी खडक कोरडा होता. कोरड्या खडकासमोर माझं कोण ऐकणार? मी तरी कुठे ऐकलं होतं! ही वाट मला लहानपणापासून पाठ. त्याच भरवशावर माझ्या साखरपुड्याच्या दिवशी जवळची वाट म्हणून खालून निघालो. नवी टोपी, नवं धोतर. सहा तास त्या घळीच्या वरच्या कपारीत पालीसारखा चिकटून होतो. मुलीकडची माणसं जेवून निघून गेली."

आतून म्हातारीचा आवाज आला, "वर्षभर थांबले मी! मग लग्न केलं. आणि ती टोपी अजून समुद्रात आहे म्हणावं!"

शिष्य त्या दिवसात पहिल्यांदा हसला. मग गंभीर झाला. "आबा, बाण असे, तर तुम्ही मला शिकवलंत त्याचं काय? तेही कधीतरी शिळं होणार?"

"होणारच. माझ्याजवळ आहेत त्या माझ्या दिवसांतल्या खुणा. ऐकून घे, सोडू नकोस. पण माणसाला वाट दाखवण्याआधी आपला पाय भिजवून बघ."

"आणि बाकीचे एकसष्ट बाण? पुसू?"

"ते राहू देत. तिथवर समुद्र येत नाही," वृद्ध म्हणाला. "पावसाळ्यानंतर पुन्हा बघू."

दुसऱ्या दिवशी कोणी आले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने व्यापाऱ्याच्या मंडळातली दोन माणसे उतरली. त्यांच्याजवळ निरोप होता, "बाणांनी जा, पण वाट फुटते तिथे बाण नाही, माणूस आहे. तो सांगेल तसं करा."

शिष्याने त्यांना देवळात बसवले, पाणी दिले, आणि पुळणीकडे न जाता आधी तो शेजारच्या अंगणात गेला. धाकू भाटकर जाळे विणत बसले होते. साठ वर्षे त्या माणसाने समुद्राशी व्यवहार केला होता, आणि बासष्ट बाण काढताना शिष्याने त्याला एकदाही काही विचारले नव्हते.

"धाकूकाका," तो म्हणाला, "आज पाणी कधी भरेल?"

धाकूकाकांचा हात थांबला. त्यांनी टोमण्यासाठी तोंड उघडले, शिष्याच्या गुडघ्यावरची पट्टी पाहिली, आणि पुन्हा जाळ्यात सुई घातली.

"आज द्वितीया. दीडला भरेल," ते म्हणाले. "उद्या पुन्हा विचार."