अनिमिष सरोवराचे अर्घ्य

त्रेतायुग नुकतेच उजाडले होते आणि कृतयुगातल्या माणसांच्या चांगल्या सवयी अजून पुरत्या मोडल्या नव्हत्या, त्या काळची ही कथा आहे. गंधशिख नावाच्या पर्वताच्या मांडीवर, देवदारांच्या घनदाट राईने वेढलेले अनिमिष नावाचे एक सरोवर होते. त्याचे पाणी इतके निश्चल की आकाशातून जाणारे विद्याधर त्यात आपले मुकुट नीट करून घेत, असे सांगतात. सरोवराच्या तीन अंगांना तीन नगरे होती. पूर्वेला कमळांची उत्पला, दक्षिणेला बांबूच्या बेटांत लपलेले वेणुकच्छ आणि पश्चिमेला, घाटवाटेच्या तोंडाशी, शिलाद्वार. नगरांच्या मधल्या उतारांवर गंधर्वांनी लावलेली उपवने होती, आणि सरोवर पाहायला दूरदूरच्या देशांतून येणारे प्रवासी तीन दिवसांत तिन्ही नगरे आणि सारी उपवने हिंडून मग परतत. सरोवर कुठून अधिक सुंदर दिसते यावर तिन्ही नगरांचे कधीच एकमत झाले नाही. उत्पलेचे लोक तर वेणुकच्छाहून येणाऱ्याला, अजून तू काहीच पाहिलेले नाहीस, असे तोंडावर सांगत.

या प्रांतात एक आचार होता. शिलाद्वाराच्या घाटावर येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला प्रथम सरोवराच्या पाण्याचे अर्घ्य मिळे, आणि ते ओंजळीत पडेपर्यंत त्याचे नाव, गोत्र, देश, काहीही विचारायचे नाही. हा अधिकार वरुणाने एकाच घराला दिला होता. इतर कोणी दिलेले पाणी तहान भागवी, पण ते अर्घ्य होत नसे. ज्या काळाची ही कथा, त्या काळी हा अधिकार और्णव मुनींची कन्या ऊर्मिका हिच्याकडे होता. और्णव मुनी बारा वर्षांपूर्वी काष्ठमौनाचे व्रत घेऊन हिमशिखरांकडे गेले होते. काष्ठमौन म्हणजे लाकडासारखे मौन. बोलायचे तर नाहीच, पण मान हलवायची नाही, बोटाने खूण करायची नाही, डोळ्यानेही काही सुचवायचे नाही. बारा वर्षे पुरी झाली की याच घाटावर तुझ्या हातचे अर्घ्य पिऊन मी मौन सोडीन, असे ते आठ वर्षांच्या ऊर्मिकेला सांगून गेले होते. ऊर्मिका आता वीस वर्षांची होती. तिला पित्याचा चेहरा अंधुक आठवे, आवाज मात्र स्वच्छ आठवे, आणि तो पुन्हा ऐकायला मिळावा याखेरीज तिला दुसरी इच्छा नव्हती.

याच्या शंभर वर्षे आधी शुष्ककंठ नावाच्या असुराने मरुभूमीत उभे राहून दारुण तप केले. ब्रह्मदेव प्रसन्न झाले तेव्हा तो म्हणाला, “ज्या जलाशयाचे अर्घ्य मला मिळेल, तो सबंध जलाशय माझ्या उदरात यावा.” असुरांच्या वरांचा ब्रह्मदेवांना पुरेसा अनुभव होता. ते म्हणाले, “तथास्तु. परंतु नाव-गोत्र न विचारता जो तुला अर्घ्य देईल, त्याचा तू अतिथी होशील, आणि त्याच्या जलाशयाला तुला कधीही धक्का लावता येणार नाही.” शुष्ककंठाला ही अट किरकोळ वाटली. पण पुढे शंभर वर्षे तो वेष पालटून देशोदेशी हिंडला आणि त्याच्या ध्यानात आले की या जगात पाण्याआधी नाव कोणी विचारतच नाही. ब्रह्मदेवाचा वर पदरात आणि घसा कोरडा, अशी त्याची गत झाली. तेव्हा त्याने विचार केला की लोक विचारत नसतील, तर त्यांना विचारायला शिकवले पाहिजे.

एके दिवशी सकाळी शिलाद्वाराच्या घाटावर फाटक्या वल्कलांतला एक तेजस्वी ब्राह्मण येऊन उभा राहिला. ऊर्मिका कमंडलू घेऊन पुढे झाली, तसे त्याने हात मागे घेतले. तो म्हणाला की मला आधी विचार मी कोण, नाहीतर हे पाणी मला नको. ऊर्मिकेने नम्रपणे सांगितले की इथे तसे विचारत नाहीत. ब्राह्मणाने सुस्कारा टाकला आणि तो तसाच, न पिता, राजा सोमवर्म्याच्या सभेत गेला.

तिथे त्याने आपले नाव श्रुतिधर असे सांगितले, आणि जी हकिगत सांगितली ती ऐकून सभा थरारली. पर्वतापलीकडच्या देशात असेच एक सरोवर होते. असाच आचार होता. एक असुर मुनिवेषात आला, त्याला न विचारता अर्घ्य दिले गेले, आणि दुपारपर्यंत तळाचा चिखलही वाळला. बायकामुले देशोधडीला लागली. तो असुर आता इकडेच यायला निघाला आहे. “राजन्,” श्रुतिधर म्हणाला, “मी पाणी घेतले नाही, कारण न विचारता दिलेल्या पाण्याने आमचा देश गेला. तुमचे सरोवर निर्धोक होईपर्यंत मी त्याचा थेंब घेणार नाही.”

वाचकांना या ब्राह्मणाचा संशय आला असेल. सभेत कोणालाही आला नाही. संशय कसा घ्यावा हे जो शिकवतो, त्याच्यावर संशय घ्यायचे कोणाला सुचत नाही. उलट पाण्यावाचून राहणाऱ्या त्या त्यागी पुरुषाला पाहून राण्यांचे डोळे भरून आले.

मी सोमवर्म्याला मूर्ख म्हणणार नाही. तीन नगरांचे प्राण एका सरोवरावर अवलंबून असताना कोणता राजा स्वस्थ झोपेल? त्याने घाटवाटेवर पहारे बसवले आणि श्रुतिधराने परीक्षेचे प्रश्न तयार केले. गोत्र कोणते, त्याचे प्रवर-ऋषी किती आणि कोण, शाखा कोणती, गुरूचा गुरू कोण. वेदाध्ययन संपवून सरोवर पाहायला आलेला एक भित्रा स्नातक तिसरा प्रवर घाबरून विसरला, तर त्याला दोन दिवस खडकावर बसवून ठेवले. उपवनांच्या फाटकांना अडसर लागले. उत्पलेच्या माळ्यांना वेणुकच्छाच्या नावाड्यांचा संशय येऊ लागला आणि नावाड्यांना माळ्यांचा, कारण जो तो म्हणे की असुर आलाच असेल तर पलीकडच्या काठाने आला असेल. वेणुकच्छात तीर्थयात्रेहून परतलेल्या एका गृहस्थाला बायकोने दारातच अडवून विचारले की लग्नाच्या चौथ्या दिवशी मी काय रांधले होते. त्याला सांगता आले नाही. तो यात्रेला गेला नसता तरी त्याला सांगता आले नसते, पण बिचाऱ्याला ओसरीवर राहावे लागले. प्रवासी येईनासे झाले. ज्या वाटांवर वीणा ऐकू येई, तिथे पहारेकऱ्यांचे खाकरणे तेवढे ऐकू येऊ लागले.

एवढे होऊनही ऊर्मिका मात्र कोणाला विचारत नव्हती. पहाऱ्यावरून जो सुटून येई त्याच्या ओंजळीत ती मुकाट्याने पाणी घाली. राजाने समजावले, मंत्र्यांनी धाक घातला, पण तिचे उत्तर एकच होते की वरुणाने दिलेला आचार मोडायचा अधिकार मला नाही. श्रुतिधर रोज घाटाच्या वरच्या पायरीवर बसून तिच्याकडे पाहत असे. त्याला सगळे नगर जिंकून भागणार नव्हते. अर्घ्य देणाऱ्या या एका मुलीच्या तोंडून प्रश्न निघाला पाहिजे होता.

अशात बारावे वर्ष संपले, आणि घाटवाटेने एक मुनी उतरून आला. त्याची जटा भस्माने आणि धुळीने एकजीव झाली होती, हिमाने भाजून कातडीला झाडाच्या सालीचा रंग आला होता, आणि त्या देहात श्वास कुठे राहतो असे पाहणाऱ्याला वाटावे इतका तो कृश होता. पहारेकऱ्यांनी गोत्र विचारले, तो बोलला नाही. प्रवर विचारले, त्याची पापणीही हलली नाही. भाल्याची टोके त्याच्या छातीला लागली तरी तो पुढे चालतच राहिला, म्हणून पहारेकरी भ्यायले आणि बाजूला झाले. तो घाटावर आला आणि ऊर्मिकेसमोर ओंजळ धरून उभा राहिला.

ऊर्मिकेच्या मनात आशा लकाकली. तिने कमंडलू भरला. पण ती पाणी घालणार तोच राजा सोमवर्मा धावत आला आणि त्याच्या मागून श्रुतिधर आला.

“थांब, ऊर्मिके,” राजा म्हणाला. “तुझा पिता यावा म्हणून तू वाट पाहते आहेस, हे तिन्ही नगरांना ठाऊक आहे. असुराला फसवायचे असेल तर तो याहून वेगळे कोणते रूप घेईल?”

ऊर्मिकेने सांगितले की माझ्या पित्याचे व्रत काष्ठमौनाचे आहे, त्यामुळे ते उत्तर देऊ शकत नाहीत. त्यावर श्रुतिधर अगदी मायेने म्हणाला, “कन्ये, तेही सर्वांना ठाऊक आहे. मुका राहणे कोणालाही जमते. तू याच्याकडे नीट पाहा, आणि हा तुझा पिता आहे असे शपथेवर सांग. आम्ही वाटेतून दूर होतो.”

तिने पाहिले. एरवी ती पाहत बसली नसती, पाणी घालून मोकळी झाली असती. आता मात्र ती त्या चेहऱ्यात पित्याचा चेहरा शोधू लागली आणि जितके शोधावे तितका तो परका दिसू लागला. नाक तेच वाटे, मग वाटे की नाही. डोळे तर तिच्याकडे पाहतच नव्हते, कारण व्रत तसे होते. पण तिला वाटले, बाप असता तर एकदा तरी पाहिले नसते का? आयुष्यात प्रथमच तिच्या तोंडून तो प्रश्न निघाला.

“आपण कोण आहात?”

मुनी निश्चल उभा राहिला. बराच वेळ त्याची ओंजळ पुढे होती. मग ती हळूहळू खाली आली, आणि तो वळून घाटाशेजारच्या तमालवनाच्या कडेला जाऊन बसला. अतिथीसाठी काढलेले पाणी परत सरोवरात ओतायचे नाही, असा नियम होता. ऊर्मिकेने तो भरला कमंडलू झाकून पायरीवर ठेवला आणि ती तोंड फिरवून खूप रडली.

तीन दिवस मुनी तिथेच बसून होता. असुर ओळखला गेला म्हणून नगरांत गुढ्या उभारल्या गेल्या. चौथ्या दिवशी सकाळी राजा मिरवणुकीने घाटावर आला आणि ज्याने सरोवर वाचवले त्या श्रुतिधराला आता अर्घ्य द्यावे, अशी त्याने ऊर्मिकेला आज्ञा केली. श्रुतिधराने हात मागे घेतले आणि तो स्मित करून थांबला. ऊर्मिकेला वाटले, ज्याच्यासाठी प्राण ठेवला होता त्यालाच विचारून बसले, मग याला न विचारण्यात आता कोणता धर्म उरला आहे? तिने दुसरे पात्र भरले आणि नाव विचारले, गोत्र विचारले, प्रवर विचारले. त्याने एकेक उत्तर खणखणीत स्वरात दिले. एकही चूक झाली नाही. तिने त्याच्या ओंजळीत पाणी घातले.

तो प्यायला. आणि ती ओंजळ संपेना. सरोवराचे पाणी काठ सोडून मागे सरले, कमळे देठांवर कलली, नावा चिखलात रुतल्या, मासे तळावर तडफडू लागले, आणि शुष्ककंठ आपल्या मूळ रूपात, टेकडीएवढे पोट घेऊन उभा राहिला.

“सोमवर्म्या, तुझा दोष नाही,” तो गडगडत म्हणाला. “शंभर वर्षे मला कोणी विचारले नव्हते. तुम्ही लवकर शिकलात.” एवढे बोलून तो घाटवाटेने निघाला. सैनिकांचे बाण त्याच्या पोटात बुडून नाहीसे झाले.

तिन्ही नगरांचा आक्रोश सुरू झाला तेव्हा ऊर्मिकेला पायरीवरचा झाकलेला कमंडलू आठवला. सरोवरातून आधीच वेगळे झालेले तेवढे पाणी असुराच्या वरात आले नव्हते. तो उचलून ती तमालवनाकडे धावली. मुनी अजून बसलेला होता, श्वास जेमतेम चालत होता. ती त्याच्या पायाशी बसली. तिने काही विचारले नाही, काही सांगितले नाही, नुसते पाणी त्याच्या ओंजळीत घातले.

मुनीने ओंजळ ओठांपर्यंत नेली. मग त्याने समोरच्या कोरड्या तळाकडे पाहिले. तो उठला, अडखळत त्या भेगाळलेल्या चिखलात उतरला, आणि न पिता, बारा वर्षांच्या तपासह ते अर्घ्य त्याने सरोवराच्या तळावर सोडले. अतिथीने आपल्या वाट्याचे पाणी परत दिले, त्यापुढे ब्रह्मदेवाचा वर टिकला नाही. घाटवाटेवर शुष्ककंठाचे पोट दुभंगले, पाणी कड्यांवरून कोसळत खाली आले आणि असुराचे धूड तिथेच दगड होऊन पडले. पाणी चढू लागले तसा मुनी काठावर येऊन पुन्हा बसला.

ऊर्मिका कमंडलू भरायला धावली. भरून परतायला तिला फार वेळ लागला नाही. पण तेवढ्यात मुनीचे प्राण निघून गेले होते. तोंड मिटलेले होते आणि ओंजळ मांडीवर उघडी होती.

राजा सोमवर्मा अनवाणी तिथे आला आणि त्याने मुनीच्या चरणांवर मस्तक ठेवले. मग तो म्हणाला, “मुली, मी इथे शिला उभारीन. और्णव मुनींचे नाव तिच्यावर कोरवीन.”

“ते माझे पिता होते की नाही, हे मला ठाऊक नाही, महाराज,” ऊर्मिका म्हणाली. “मी विचारले तेव्हा त्यांना सांगता येत नव्हते. आता विचारायचे कोणाला?”

शिला उभी राहिली, पण तिच्यावर नाव कोरले गेले नाही. ऊर्मिका पुढे साठ वर्षे जगली. और्णव मुनींची वाट पाहणे तिला सोडता येईना, कारण ते येऊन गेले असे मानायला आधार नव्हता. आणि वाट पाहावी, तर ती तमालवनातली उघडी ओंजळ डोळ्यांपुढून हलत नसे. घाटवाटेने कोणी म्हातारा मुनी उतरताना दिसला की ती धावत जाऊन त्याच्या ओंजळीत पाणी घाली, आणि मग तो काय बोलतो ते ऐकत राही. तो आवाज तिला पुन्हा कधी ऐकू आला नाही.

पहारे उठले, उपवनांची फाटके उघडली, प्रवासी परत येऊ लागले आणि सरोवर कुठून सुंदर दिसते यावरून नगरेही पूर्ववत भांडू लागली. पाण्याआधी नाव विचारायचे नाही हा आचार तिथे पुन्हा कधी मोडला नाही. त्यात एकाच गोष्टीची भर पडली. ऊर्मिकेच्या घरातल्या स्त्रिया प्रवाशाला अर्घ्य देतात आणि पाणी देऊन झाल्यावर लगेच वळत नाहीत. पाहुणा आपण होऊन नाव सांगतो का, ते ऐकायला त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहतात.