न रडणारं पोर आणि परत आलेलं नाणं

एका राज्यात पगार नव्हता, हसू होतं. हसू फुकट पडायचं, म्हणून राजाला ते फार आवडायचं.

राजाचं नाव दानवर्धन. नाव त्याचं त्यानंच ठेवून घेतलं होतं. पूर्वी त्याच्या महालात पाणक्यापासून पालखीच्या भोयापर्यंत सगळ्यांना महिन्याच्या महिन्याला वेतन मिळत असे. मग राजा देशोदेशी फिरून आला. तिकडे त्यानं पाहिलं, की पाहुणे जेवून उठले की वाढणाऱ्याच्या हातावर खुशीनं काही ठेवतात. झालं! घरी पाऊल टाकताच त्यानं दवंडी पिटवली. "पाहुणे बक्षीस देतील, मीही देईन. मग वेतन कशाला?" घ्या! काम आपल्या घरचं, पोसायचं पाहुण्यांनी आणि दानवर्धन म्हणून मिरवायचं यानं! मेल्याला लाज म्हणून नव्हती.

लोक कुरकुरले. तेव्हा राजानं हास्यकेतू नावाचा मांत्रिक बोलावला. हास्यकेतूनं महालाच्या तळघरात एक रांजण पुरला आणि खजिन्यातल्या नाण्यांवर मंत्र घातला. जमिनीवर फेकलेलं नाणं जो वाकून उचलेल, त्याच्या तोंडाला हसू चिकटेल. त्याच्या कपाळावरची आठी, डोळ्यांतलं पाणी, घशातली ओरड, सगळं रांजणात जाऊन पडेल. आणि देणाऱ्यासमोर उभं राहिलं, की उचलणाऱ्याच्या तोंडून दोनच शब्द निघतील, 'आपली मेहरबानी.'

त्या दिवसापासून राजा नाणी हातावर ठेवेनासा झाला. फेकू लागला. लोक वाकले. काय करणार? चुली विझायची वेळ आली होती.

राजाच्या भोजनशाळेत बयजा नावाची वाढपीण होती. तिचा नवरा राणोजी महालाचा मशालजी. राणोजी तापानं गेला तेव्हा बयजा त्याच्या उशाशी हसत बसली होती. खांदेकरी हसत आले, हसत तिरडी उचलून गेले. बघणाऱ्याच्या अंगावर काटा आला असता, पण बघणारेही हसतच होते.

राणोजी गेल्यावर बयजाला मुलगी झाली. पोर जन्मलं ते हसतच. सुईणीनं पाठीवर थोपटलं, तळपायाला चिमटा काढला. पोर हसलं.

सुईण म्हणाली, "बयजा, हे रडायचं नाही. भुकेनं हसेल, तापानं हसेल. पाणक्याचं पोर असंच गेलं. आईचा जरा डोळा लागला, तेवढंच निमित्त." हे सांगताना सुईणही हसत होती, कारण तिनंही कधीतरी नाणं उचललं होतं.

बयजाचा संताप झाला. आपण वाकलो ते वाकलो, या जिवानं कुणाचं काय उचललं होतं? तिला महाल दणाणून जाईल असं ओरडायचं होतं. पण ओरड तळघरात रांजणात पडलेली. मग तिनं पोराला झोळीत बांधलं, चार नाणी कनवटीला लावली आणि नगराबाहेरच्या माळावर गेली.

माळावर एक टिटवी कलकलाट करत होती. बयजा तिच्यापुढे उभी राहिली.

"पक्षिणी, तुला एवढं ओरडता कसं येतं?"

"मला कुणी बक्षीस दिलेलं नाही," टिटवी म्हणाली. "काय हवं ते बोल."

"माझं पोर रडायला हवं."

"मग तीन कामं कर. एक, जिथं बक्षीस घेत नाहीत त्या देशात जा आणि परत आलेलं नाणं आण. दुसरं, जिथं बक्षीस मागून घेतात त्या देशात जा आणि मागून घेतलेलं नाणं आण. तिसरं काम इथंच. राजाला एकदा वाकव. तो खाली आणि तू उभी, असं असताना त्याच्याकडे तुझं वेतन माग. रांजण फुटेल."

"राजा कधी वाकत नाही."

"ठाऊक आहे. म्हणून तर ते शेवटी सांगितलं," असं म्हणून टिटवी उडून गेली.

बयजा चालू लागली. पोर रडत नव्हतं, म्हणून ती सारखी त्याच्या ओठांवर बोट ठेवून पाहायची. ओठ कोरडे लागले की पाजायला बसायची. एका दुपारी झाडाखाली तिचा डोळा लागला. दचकून जागी झाली तो पोर झोळीत निपचित पडलेलं आणि तोंडावर हसू मात्र जसंच्या तसं. बयजानं त्याला छातीशी धरलं, ओठांवर दूध पिळलं, पुन्हा पिळलं. बऱ्याच वेळानं पोरानं घोट गिळला. त्यानंतर वाटेत बयजा झोपली म्हणून नाही.

पहिला देश पाण्यापलीकडे होता. एका म्हाताऱ्या नावाड्यानं तिला पैलतीरी उतरवलं आणि भाडं घेतलं. बयजानं वर आणखी एक नाणं नावेच्या फळीवर ठेवलं. ते राजानं फेकलेल्या नाण्यांपैकीच होतं. ती चार पावलं गेली नाही तोच म्हातारा वाळूतून धापा टाकत तिच्यामागे धावला.

"बाई, नाव कलंडली का?"

"नाही."

"पोर भिजलं?"

"नाही."

"मग हे कशाला? माझ्या कामाचं मोल भाड्यात आलं. वर टाकलंस म्हणजे माझं काम कुठं कमी पडलं असं झालं. हे घेऊन जा." असं म्हणून त्यानं दोन्ही हातांनी ते नाणं तिच्या तळहातावर ठेवलं.

बयजानं विचारलं, "तुमचा राजा तुम्हाला वेतन देतो?"

"देतो तर! न देऊन जाईल कुठं?"

बयजाला राणोजी आठवला आणि हातातल्या नाण्याचं भान सुटलं. नाणं वाळूत पडलं. म्हातारा उचलू गेला, तर ते त्याच्या बोटांखालून निसटलं आणि घरंगळत बयजाच्या पायाशी आलं. परत यायला शिकलेलं नाणं होतं ते. ज्याच्या हातून सुटेल त्याच्याकडेच येणार आणि दुसऱ्या कुणाला उचलू देणार नाही. बयजानं ते पदराच्या गाठीत बांधलं.

दुसरा देश घाटापलीकडे होता. तिथल्या वाटसरूंच्या एका सराईत धुरपदा नावाची थोराड बाई वाढपिणींची मुख्य होती. हातात लोखंडी पळी आणि आवाज असा की भांडी वाजावीत. तिनं बयजाला वाढायला उभं केलं.

एक अत्तराचा व्यापारी आला. यथेच्छ जेवला, ढेकर दिली, उठला. बयजा त्याच्यापुढे गेली. सांगायचं होतं एक आणि तोंडून निघालं, "आपली मेहरबानी."

"बरं, बरं," म्हणत व्यापारी दाराकडे वळला.

धुरपदानं पळी दारावर आपटली. "माग, बाई! हसतेस काय?"

व्यापारी चिडला. "तुमचा मालक तुम्हाला वेतन देत नाही काय?"

"नाही देत," धुरपदा म्हणाली. "तो वर माडीवर घोरतो आहे. त्याला उठवायची आमची छाती नाही, म्हणून तुमच्या वाटेत आडव्या येतो. आम्हाला काय हौस आहे?"

बयजानं हे ऐकलं आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. इथंही तेच! तिकडे फेकतात, इकडे ओढून घेतात आणि दोन्हीकडे गादीवर बसलेला मात्र मजेत! तिनं झोळीत बोट घालून पाहिलं. पोराचे ओठ कोरडे पडले होते. तशी ती दारात उभी राहिली आणि हात छातीच्या उंचीवर धरून तळवा उघडला. तोंड शापात होतं, हात मोकळा होता. मान तिनं खाली घातली नाही.

व्यापाऱ्यानं हाताकडे पाहिलं, मग तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. मुकाट्यानं एक नाणं तळव्यावर ठेवून तो निघून गेला. नाणं तव्यावरून काढल्यासारखं गरम होतं.

"जिभेखाली ठेव," धुरपदा म्हणाली. "मागून घेतलेलं नाणं मागायला शिकवतं."

बयजानं आधी पोराला पाजलं, मग नाणं जिभेखाली ठेवलं. तिचा मागायचा आवाज तिला परत सापडला. पहिलंच वाक्य ती बोलली, "धुरपदाबाई, एकदा ती माडी चढा."

धुरपदा पळी हातात धरून जिन्याकडे वळून बघू लागली.

बयजा आपल्या राज्यात परतली तेव्हा महालात उत्सवाची पंगत मांडली होती. देशोदेशीच्या राजांचे वकील पाटांवर बसले होते. राजा दानवर्धन सर्वांत उंच पाटावर बसला होता. हास्यकेतू त्याच्या उजव्या हाताला. बयजा पोराला पाठीशी बांधून वाढायला आली. वाढपिणी कमीच होत्या, त्यामुळे कुणी अडवलं नाही.

त्या महालात एक रीत होती. जेवणं झाली की फेकायच्या नाण्यांचं तबक वाढपिणींनीच राजापुढे धरायचं. म्हणजे आपल्या अंगावर पडायचं ते आपणच उचलून आणून द्यायचं! असली रीत काढणाऱ्याचे हात झडोत. पण त्या दिवशी ती रीत बयजाच्या कामी आली. तिनं गाठ सोडली आणि परत आलेलं नाणं तबकात सगळ्यांच्या वर ठेवलं.

राजानं ते उचललं आणि तिच्या पायाशी फेकलं. "घे. पोराला खाऊ आण."

नाणं फरशीवर वाजलं, घरंगळलं आणि राजाच्या पाटाशी जाऊन थांबलं. राजानं पायानं ढकललं. ते परत आलं. पंगतीत कुणीतरी खुदकन हसलं.

"उचल!" राजा बयजावर ओरडला.

बयजानं हात लावला. नाणं सटकलं. प्रधानानं हात लावला. त्याच्याही हातून सटकलं. हास्यकेतूचा चेहरा उतरला. तो राजाच्या कानाशी लागला. "महाराज, राहू द्या. हात लावू नका."

आता सगळी पंगत हसत होती. ते हसू चिकटवलेलं नव्हतं, पोटातून आलेलं होतं. राजाला ते सहन होईना. "माझंच नाणं मला वाकुल्या दाखवतं?" असं म्हणून तो पाटावरून उतरला, वाकला आणि त्यानं ते नाणं उचललं.

त्याच्या गालांवर हसू चढलं आणि बसलं.

बयजा त्याच्यापुढे ताठ उभी होती. राजा अजून वाकलेलाच होता.

"महाराज," जिभेखालचं नाणं तसंच ठेवून ती म्हणाली, "मी इथं राबले. माझा नवरा मरेपर्यंत राबला. आमचं वेतन द्या. मेहरबानी नको."

राजाला म्हणायचं होतं, 'हिचं डोकं उडवा.' त्याच्या तोंडून निघालं, "आपली मेहरबानी."

खाली तळघरात रांजण फुटला. त्याचा आवाज साऱ्या नगराला ऐकू गेला. हास्यकेतू बसल्या जागी रिकामा झाला. पाटावर त्याची पगडी आणि उपरणं तेवढं उरलं. आणि इतकी वर्षं साठलेलं सगळं महालात वर आलं. भोयांच्या कपाळांवर आठ्या पडल्या. पहारेकऱ्यांनी राजाकडे असं पाहिलं, की तो दोन पावलं मागं सरला. पाणक्याची बायको घागर टाकून तिच्या गेलेल्या पोरासाठी ऊर बडवून रडू लागली. बयजाच्या डोळ्यांतून राणोजीसाठी पाणी आलं ते थांबेना.

पण पाठीवरचं पोर गप्प होतं.

बयजानं झोळी पुढं घेतली. पोराचं हसू गेलं होतं. डोळे मिटलेले होते. तिनं ओठांवर बोट ठेवलं. भोजनशाळा चिडीचूप झाली. पाणक्याच्या बायकोनंही हुंदका गिळला. "रड गं," बयजा म्हणाली. "रड गं माझे बाई, तुला माझी आण आहे."

पोराचा खालचा ओठ वाकडा झाला. नाक लाल झालं. आणि मग त्या एवढ्याशा गळ्यातून असा टाहो फुटला, की पंगतीतल्या वकिलांनी कान झाकले.

राजा हसऱ्या तोंडानं पुढं आला. त्याला काही विनवायचं होतं.

"थांबा," बयजा म्हणाली. "माझ्या पोराला भूक लागली आहे." ती राजाच्या उंच पाटावर बसली, पदर घेतला आणि पाजू लागली. राजा उभा राहिला. महालात सगळे उभे राहिले.

राजाचं हसू मात्र काही जाईना. टिटवी खिडकीत येऊन बसली आणि म्हणाली, "राजा, यांना शाप तू दिला होतास, तुझा तू ओढवून घेतलास. तो रांजण फुटल्यानं सुटायचा नाही. ज्या हातानं फेकलंस, त्याच हातानं प्रत्येकाचं थकलेलं वेतन त्याच्या हातावर ठेव, आणि ठेवताना तोंडाकडे बघ." राजानं खजिना उघडला आणि देत गेला. कुणी त्याला नमस्कार केला नाही. शेवटच्या झाडूवालीचा हात भरला, तेव्हा कुठं त्याचे गाल सैल झाले. पुढं त्या राज्यात महिन्याच्या महिन्याला वेतन मिळू लागलं. पाहुण्यानं खुशीनं काही दिलंच तर ते हातात द्यायचं, घेणाऱ्यानं वाटलं तर घ्यायचं, असं ठरलं. घाटापलीकडून निरोप आला, की धुरपदा पळी घेऊन माडी चढली आहे.

बयजाच्या पोरीचं नाव टिटवी ठेवलं. ती रात्रंदिवस रडायची आणि शेजारीपाजारी कुणी एका शब्दानं तक्रार केली नाही.

ही गोष्ट सांगणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या घरी भुकेलं पोर मोठ्यानं रडो, ते त्याच्या आईला ऐकू जावो, आणि कुणाच्या घामाचं कुणी जमिनीवर फेकलंच, तर ते घरंगळत त्याच्याच पायाशी परत जावो.