तळहाताला बसलेला चटका

एकदा एका शिष्येने रचलेला खेळ खेळता खेळता दुसरीतल्या सोनकीच्या हातातला टॅब्लेट गरम झाला. डोंगरातल्या त्या निवासी शाळेला कुणीतरी आपले जुने टॅब्लेट दान दिले होते, आणि मुलांना अक्षरे ओळखता यावीत म्हणून शिष्येने त्यांवर हा खेळ घातला होता. बघता बघता पडदा काळा पडला.

"ताई, मी बिघडवला का?" सोनकीने विचारले.

शिष्या मुळात घाबरट. त्यात शाळेच्या बाई शेजारीच उभ्या. तिच्या तोंडून निघून गेले, "जरा जपून धरायचा ना गं!"

तो टॅब्लेट घेऊन ती थेट आपल्या वृद्ध गुरुजींकडे आली. मुलांसाठी खेळ घडवण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. सोनकीचा विषय तिने टाळला. ज्या सॉफ्टवेअरच्या बळावर खेळ चालतो ते, म्हणजे आपण निवडलेले गेम इंजिन, किती सामर्थ्यवान आहे हेच ती सांगत राहिली.

"मोठमोठे खेळ त्यावरच होतात, सर. साधं काही घेतलं असतं तर कॉलेजातले सगळे हसले असते. आता याहून चांगलं कोणतं घेऊ?"

गुरुजींनी आता निवलेला तो टॅब्लेट सुरू करून तिच्या हाती ठेवला. "खेळ. मी सांगेपर्यंत खाली ठेवायचा नाही."

थोड्या वेळाने तळहात पोळू लागले. तिने हात बदलला, मग ओढणीत धरला, आणि शेवटी दचकून चटईवर टाकला.

"अगं, जपून धरायचा ना!" गुरुजी हसले.

तेच शब्द ऐकून तिला रडू फुटले. तिने सारे सांगून टाकले. गुरुजींचे हसू मावळले.

"तू इंजिनांची आपापसात तुलना केलीस. खेळ कुणाच्या हातात जाणार, ते पाहिलंच नाहीस. त्या वर्गातल्या सर्वांत जुन्या टॅब्लेटला जे सहज पेलवेल, ते या खेळाचं योग्य इंजिन. एवढं सामर्थ्य तुझ्या अक्षरांना नको होतं, तुझ्या प्रतिष्ठेला हवं होतं. असो. निवड चुकली तर बदलता येते. पण त्या चुकीचा भार तू एका लेकराच्या माथी ठेवून आलीस. खेळ पुन्हा रचायला महिना लागेल. तो भार उतरवण्याचं काम मात्र आजचं आहे."

शिष्येने शाळेच्या वसतिगृहाला फोन लावला. रिंग वाजून वाजून थांबली. कुणी उचललाच नाही तर बरे, असे क्षणभर तिच्या मनात आले, आणि त्याचीच तिला लाज वाटली. तिने पुन्हा लावला.

"हॅलो?" आवाज सोनकीचाच होता. शिष्येने तिला नावाने हाक मारली. "ताई? मी टॅब्लेटला आता हातच लावत नाही."