तिर्झाबाईचं वळण

फार फार वर्षं झाली याला. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या लोकांनी तेव्हा मनाशी पक्कं ठरवलं होतं, की पार समुद्रापर्यंतचा पश्चिम मुलूख देवानं आपल्यालाच दिलाय. तिथे आधीपासून राहणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. देवाला तरी विचारलं होतं की नाही, कोण जाणे!

पश्चिमेकडे निघालेल्या अशाच एका बैलगाड्यांच्या तांड्यात तिर्झा होती. मांडीवर चार वर्षांची लेक, लिडी. वाटेत एक टेकाड लागलं, त्यावर मूळच्या लोकांच्या कबरी होत्या. त्यांची एक म्हातारी हात पसरून गाड्यांपुढे उभी राहिली. तांड्याचा कप्तान होबार्ट म्हणाला, "वळसा घालायला वेळ कुणाला आहे?" म्हातारीला फरफटत बाजूला केलं आणि चाळीस गाड्या कबरींवरून सरळ गेल्या. तिर्झानं लिडीचे डोळे झाकले आणि ती गप्प बसली.

टेकाडाच्या पायथ्याशीच मुक्काम पडला. तिथे लिडीला पटकी झाली. दिवस मावळायच्या आत पोर गेली.

तांड्याची रीत अशी, की मेलेल्याला वाटेतच पुरायचं आणि वरून सगळ्या गाड्या न्यायच्या. माती दबते, लांडगे उकरत नाहीत. पण खड्डा बुजवल्यावर तिर्झाच त्यावर हात पसरून उभी राहिली.

"बाजूला हो, पोरी. तिच्याच भल्याचं आहे," होबार्ट म्हणाला.

"माझ्या लेकीवरून चाक जाऊ देणार नाही. आधी मला चिरडा!"

आपल्यातल्या बाईला कोण चिरडणार? गाड्या वळल्या. तिचा नवरा रडत, शिव्या देत पुढे गेला. ती तिथेच राहिली. असं म्हणतात, की मागून येणाऱ्या तांड्यांचे बैल तिला लांबून पाहूनच वळत आणि लांडगे तिच्या झोपडीपाशी येऊन मुकाट परत जात. हळूहळू तिच्याभोवती गाव वसलं.

मरताना ती म्हणाली, "मला लिडीजवळ पुरू नका. त्या टेकाडावर, वाटेच्या मधोमध पुरा. माझ्यासाठी तरी तिथे वळाल. त्या दिवशी म्हातारीसाठी मी तोंड उघडलं नाही."

असं म्हणतात, की तिचे पसरलेले हात मेल्यावरही खाली येईनात. पेटी रुंद करावी लागली.

गाव ढसाढसा रडलं. लेकीपासून आईला तोडायचं कसं? त्यांनी तिला लिडीशेजारीच पुरलं.

अजूनही तिथे माणसं गाडीतून उतरतात, टोपी काढतात, तिर्झाबाईचं नाव घेऊन वळसा पायी घालतात. मग परत गाडीत बसतात आणि टेकाडावरच्या रस्त्याला लागतात. तो रस्ता सरळ आहे.