सेरवानं पाठीवरून नेलेलं आसन

फार फार मागं, आकान लोकांच्या मुलखात, घनदाट रानातल्या एका नदीकाठी दुफीक्रोम नावाचं गाव होतं. तिथला राजा वारला. त्याची बहीण सेरवा ही राजमाता. नव्या राजाचं नाव तिनंच घ्यायचं, अशी तिथली रीत. आणि गादी मुलाकडे जात नसे, बहिणीच्या मुलाकडे जाई. कारण रक्त आईकडून येतं, असं ते लोक मानत.

गादी म्हणजे हातभर उंचीचं एक लाकडी आसन. पण अख्ख्या गावाचा जीव त्यात राहतो, असं म्हणतात.

सेरवानं धाकट्या बहिणीच्या मुलाचं, आम्पोनचं नाव घेतलं. राजाचा मुलगा ओबिरी खवळला. गावासाठी तो किती लढाया लढला होता! त्याची आई लवकर गेलेली, सेरवानंच त्याला पाठीशी बांधून वाढवलेलं. दुसऱ्याचं नाव घेताना तिचा आवाज कापला, असं म्हणतात.

ओबिरी हत्यारबंद माणसं घेऊन दारात आला.

"आत्या, आसन दे. नाहीतर आम्पोनला जिवंत सोडणार नाही."

सेरवानं आसन लेकरासारखं पाठीवर घेतलं, कापडानं घट्ट बांधलं आणि नदीची वाट धरली. नदीला पूर आलेला, झाडंच्या झाडं वाहत चाललेली. म्हातारी आत शिरली. पाणी गुडघ्यापर्यंत चढलं आणि तिथंच थांबलं, असं म्हणतात. ती पार झाली, तशी मागं नदी पुन्हा उसळली.

आसन नाही, तर राजा कुणी व्हायचं आणि भांडायचं तरी कशासाठी? गाव सुन्न झालं. पूर ओसरल्यावर ओबिरी हत्यारं टाकून एकटाच पलीकडे गेला.

"मला कधीच बसता येणार नाही, आत्या?"

"नाही रे. तुझं रक्त तुझ्या आईच्या घरचं. पण तुझ्या बापाची छाती तुझ्यात आहे. राजाला राखायला तसाच माणूस लागतो."

ओबिरी खूप रडला. मग खाली वाकला. "दमलीस तू. चढ माझ्या पाठीवर."

आसन तिच्या पाठीवर, ती त्याच्या पाठीवर, असे दोघं परतले. ओबिरीनं जन्मभर आम्पोनला राखलं.

अजूनही तिथं राजा बसवायच्या दिवशी राजमाता आसन घेऊन एकटीच नदीपार जाते. अलीकडच्या काठावर सगळं गाव मुकाट उभं राहतं, होणारा राजाही. ती परतेपर्यंत गावाला राजा नसतो. कधी कधी ती फार सावकाश येते. कुणी हाक मारत नाही.