हौसामावशींची राखण

त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं आणि वारा अगदी पडला होता. साथीचे दिवस. टिपणीस वकिलांची नात सांभाळणाऱ्या हौसामावशींना ताप भरला. वकील फोन स्पीकरवर ठेवून म्हणाले, "बरं वाटेपर्यंत येऊ नका, मावशी. पण कामाशिवाय पगार नाही हं."

मावशींची चूल त्या पगारावरच पेटायची.

"मग उद्याच येते, साहेब. छकुलीला मांडीवर घेते."

"छे, तिला लागण होईल."

"म्हणजे मी घरी थांबले, तरच ती सुखरूप?"

"अर्थात."

"मग सांभाळतेच आहे की तिला. फक्त इथून."

वकिलांना हसू आलं. "पगार पोचेल, मावशी. औषध घ्या."

गॅलरीतून ऐकणारे शेजारचे बापट म्हणाले, "वकीलसाहेब, नात रडतेय. मावशी तिकडून एकट्या किती सांभाळतील?"