पिठाची बोटं

कुसुम वाचनालयाची ग्रंथपाल होती आणि तिचा धाकटा भाऊ संपत पिठाची गिरणी चालवायचा. दळणाला आलेल्या बायका तासभर नुसत्या बसतात, म्हणून तिने वाचनालयाची पन्नास पुस्तकं गिरणीत ठेवली. ती वारली आणि तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी वाचनालयाचे अध्यक्ष नाईकनवरे पुस्तकं परत न्यायला आले.

"पानापानावर पिठाची बोटं. तुझ्या बहिणीने पुस्तकांची पार रया घालवली. एक तरी स्वच्छ दाखव, सगळी इथेच ठेवतो."

चौथी नापास संपतचं डोकं सटकलं. पण हात उगारण्याऐवजी त्याने फळीवरचं एक पुस्तक फुंकर मारून त्यांना दिलं. "हे घ्या. वर्षभर इथेच आहे. आत एक बोट सापडलं तर सांगा."

ते अध्यक्षांचंच आत्मचरित्र होतं. बायकांनी पदर तोंडाला लावले.

अध्यक्ष रिकाम्या हाताने परत गेले, पुस्तकं राहिली. आठवड्याने ते स्वतः दळण घेऊन आले आणि हळूच पिठाचा अंगठा आत्मचरित्राच्या पहिल्या पानावर उमटवून गेले.

संपतने ते पाहिलं. ताई असती तर पोट धरून हसली असती, म्हणून तिच्या वाटचंही तोच हसला.